ताज्या मासळीची वाट

होकुसाईचे 'कानागावाजवळच्या समुद्रातील महालाट' हे चित्र पाहिले नाही असा माणूस आज शोधूनच काढावा लागेल. १८३१च्या सुमारास छापले गेलेले हे काष्ठमुद्रित चित्र पुढे कॅलेंडरांवर आणि चहाच्या पेल्यांवर आले, आणि २०२४ साली तर जपानच्या एक हजार येनच्या नोटेवरही. पाहणाऱ्याची नजर आधी त्या लाटेच्या फेसाळ नख्यांवर जाते, मग दूरच्या इवल्या फुजी पर्वतावर. लाटेखाली सापडलेल्या तीन लांबट होड्या आणि त्यांत डोकी खाली घालून बसलेले वल्हेकरी यांच्याकडे लक्ष जाते ते सर्वांत शेवटी, आणि पुष्कळदा जातही नाही. या होड्यांना 'ओशिओकुरी-बुने' म्हणत. बोसो, सागामी, इझू या किनाऱ्यांवर पकडलेली मासळी खराब होण्यापूर्वी एदो शहराच्या बाजारात पोहोचवणे हे त्यांचे काम. वाऱ्याची वाट पाहायला सवड नसे, म्हणून सात-आठ वल्हेकरी जीव तोडून वल्ही मारीत. समुद्राचे जगातले सर्वांत प्रसिद्ध चित्र हे एका अर्थी मासळीच्या वाहतुकीचे चित्र आहे.

आज हीच वाट उलट दिशेने चालते. शनिवारी सकाळी तोक्योहून इझूकडे, बोसोकडे, मिउराकडे जाणाऱ्या गाड्या भरलेल्या असतात. हिवाळ्यात ओसाकाचे लोक खेकड्यासाठी जपान समुद्राच्या काठावरच्या किनोसाकीला जातात. रात्री एखाद्या 'मिनशुकु'त, म्हणजे मच्छीमाराच्या घरातच चालणाऱ्या खानावळवजा मुक्कामाच्या जागी, लाकडी होडीच्या आकाराच्या तबकात कच्च्या मासळीचे काप मांडून येतात. सकाळी भाताबरोबर उन्हात सुकवलेला, निखाऱ्यावर भाजलेला मासा. मालवण किंवा हर्णैच्या घरगुती खानावळीत शनिवार-रविवार काढलेल्या वाचकाला हा बेत परका वाटू नये. पर्यटनाची पत्रके याला 'पूर्वापार चालत आलेला' आनंद म्हणतात. मासे खाणे पूर्वापार आहेच, याबद्दल वाद नाही. परंतु शहरवासीयाने दोन दिवसांची सुट्टी काढून किनाऱ्यावर जायचे आणि तिथलीच, त्याच दिवशीची मासळी खायची, ही गोष्ट इतिहासाच्या हिशेबात अगदी अलीकडची आहे. शेकडो वर्षे खाणारा जागेवर बसून होता आणि मासळी प्रवास करीत होती.

इ. स. ६७५मध्ये सम्राट तेम्मूने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाण्यावर हुकूम काढून बंदी घातली. ही बंदी वर्षातल्या ठरावीक महिन्यांपुरती होती आणि ती किती पाळली गेली हा वेगळा प्रश्न आहे. पण पुढच्या सहस्रकाचा कल तिने दाखवून दिला. मासे या यादीत नव्हते. राजधानीच्या ताटात समुद्राला मान मिळाला तो असा. आठव्या शतकात नारा येथे राजधानी असताना प्रांताप्रांतांतून करापोटी जे जिन्नस येत, त्यांना बांधलेल्या लाकडी चिठ्ठ्या उत्खननात हजारोंनी सापडल्या आहेत. कोणत्या गावाने, कोणत्या तारखेला, काय पाठवले याची ती पावतीच. शिमा, वाकासा आणि आवाजी हे तीन प्रदेश सम्राटाच्या ताटासाठी समुद्रान्न पुरवणारे म्हणून विशेष नावाजलेले होते. या चिठ्ठ्या वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते: जे येत होते ते सुकवलेले, खारवलेले किंवा आंबवलेले. वाकासाहून आलेल्या एका चिठ्ठीवर 'ताई' या तांबूस माशाच्या सुशीचा उल्लेख आहे, पण ती सुशी म्हणजे आजचा भातावरचा कच्चा काप नव्हे. मीठ लावलेला मासा भातात दाबून महिनोन् महिने आंबवायचा, असा तो प्रकार. बिवा सरोवराच्या काठी तो आजही टिकून आहे आणि त्याचा दर्प नवख्याला पळवून लावतो.

आवाबी नावाचा एक शिंपला असतो. एकाच कवचाचा, खडकाला घट्ट धरून बसणारा. श्वास रोखून तळाशी जाणाऱ्या 'आमा' स्त्रिया तो काढीत आल्या आहेत. त्याचे मांस गोल सोलून, ताणून, सुकवून त्याच्या पट्ट्या इसेच्या महामंदिरात अर्पण करीत, आणि तोबाजवळच्या कुझाकी गावाने हा मान आजवर सांभाळला आहे. पुढे ही पट्टी शुभभेटीची खूण झाली. आज जपानमध्ये आहेराच्या पाकिटावर कोपऱ्यात जी घडीदार कागदी आकृती असते, तिच्या पोटात पिवळी रेघ दिसते. ती या सुक्या आवाबीची आठवण. आता बहुधा कागदच असतो, शिंपला नसतो. म्हणजे ज्या जिनसाने समुद्र दूरच्या माणसाच्या हाती पोहोचवला तो ताजा नव्हता, वाळवलेला होता. ज्या संस्कृतीला आपण ताज्या मासळीची म्हणतो, तिचे सर्वांत जुने शुभचिन्ह सुकटीचे आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

राजधानी क्योतोला गेल्यावर अंतराचा हा प्रश्न आणखी तीव्र झाला. क्योतो डोंगरांनी वेढलेले. सर्वांत जवळचा भरवशाचा समुद्र म्हणजे उत्तरेकडचा वाकासा उपसागर, आणि तिथले ओबामा हे बंदर. (२००८ साली अमेरिकेच्या निवडणुकीमुळे या गावाचे नाव जगभर झाले, पण क्योतोकरांना ते हजार वर्षे ठाऊक होते.) ओबामाहून क्योतोला अठरा 'री', म्हणजे सुमारे ७० किलोमीटर. किनाऱ्यावर उतरलेला 'साबा', आपल्या बांगड्याचा भाऊबंद, मीठ लावून माणसांच्या पाठीवर घाटवाटेने निघे आणि रात्रंदिवस चालून क्योतोला पोहोचे. तोवर मीठ नेमके मुरलेले असे. या वाटांना पुढे 'साबा काइदो', बांगड्याचा रस्ता, असेच नाव पडले. सणासमारंभाला क्योतोत होणारी साबाची सुशी ही या वाटेची निपज.

दुसरे उदाहरण 'हामो'चे. हामो म्हणजे आपल्याकडची वाम, तेच कुळ. हा मासा चिवट. पाण्याबाहेरही बराच काळ तग धरतो. जुलैच्या उकाड्यात दक्षिणेच्या समुद्रातून क्योतोपर्यंत जिवंत पोहोचू शकणारा तो जवळजवळ एकटाच. म्हणून जुलैतल्या गिओन उत्सवाशी त्याचे नाते जडले. पण त्याच्या अंगात बारीक काटे इतके, की समुद्रकाठी दुसरे मासे मुबलक मिळत असताना त्याच्या वाटेला कोण जाणार! क्योतोच्या आचाऱ्यांनी त्याच्यासाठी वेगळी सुरी आणि वेगळे कसब घडवले: कातडी शाबूत ठेवून तीन सेंटिमीटरांत वीस-पंचवीस चिरा द्यायच्या, म्हणजे काटे जाणवत नाहीत. क्योतोच्या पाककलेचे कौतुक करताना तिच्या सौंदर्यदृष्टीबद्दल फार बोलले जाते. माझ्या मते तिचा खरा गुरू अंतर आहे. समुद्र हाताशी नसल्यामुळे तिला हे सारे सुचले.

एदोचे तसे नव्हते. एदोच्या दाराशी समुद्र होता. सतराव्या शतकाच्या आरंभी तोकुगावा इएयासूबरोबर ओसाकाजवळच्या त्सुकुदा गावचे मच्छीमार एदोला आले. शोगुनच्या किल्ल्याला मासळी पुरवायची आणि उरलेली निहोनबाशी पुलाजवळ विकायची, अशी मुभा त्यांना मिळाली, आणि या 'उरलेल्या' मासळीतून देशातला सर्वांत मोठा मासळीबाजार उभा राहिला. होकुसाईच्या होड्या तिथेच येत. ताजेपणाची हौस जर कुठे जन्माला आली असेल तर ती इथे, बाजाराच्या शेजारी, पैसा खुळखुळणाऱ्या शहरात. वसंत सरता सरता येणारा पहिला 'कात्सुओ' (आपल्या कुप्याच्या कुळातला) खाण्याचे वेड तर प्रसिद्धच आहे. १८१२ सालच्या एका नोंदीनुसार मोसमाचे पहिले सतरा कात्सुओ निहोनबाशीला उतरले. सहा शोगुनकडे गेले. तीन 'याओझेन' या बड्या भोजनगृहाने घेतले. उरलेले आठ मासळीविक्रेत्यांकडे गेले आणि त्यांतला एक काबुकी नट नाकामुरा उताएमोन याने तीन ऱ्यो मोजून घेतला. एक ऱ्यो म्हणजे ढोबळ मानाने एका माणसाच्या वर्षभराच्या तांदळाची किंमत. तीन वर्षांचा भात एका माशाला! उताएमोनने तो आपल्या मंडळीतल्या दुय्यम नटांना खाऊ घातला असे म्हणतात, तेवढाच दिलासा.

तरीही एदोच्या ताजेपणाला मर्यादा होत्या. १८२०च्या दशकात हानाया योहेईच्या नावाशी जोडली जाणारी हातात दाबून केलेली सुशी लोकप्रिय झाली, पण तिच्यावरचे काप बहुतेक शिरक्यात मुरवलेले, उकडलेले किंवा सोयाच्या रसात बुडवलेले असत. ट्यूनाचा जो चरबीयुक्त भाग आज सोन्याच्या भावाने जातो तो लवकर नासतो म्हणून टाकून देत. बर्फ नव्हता, इतकेच त्याचे कारण.

मग त्या काळी किनाऱ्यावर जाऊन कुणी खातच नव्हते का? खात होते, पण वाटेत. सामान्य माणसाला प्रवासासाठी परवाना लागे आणि तो तीर्थयात्रेला सहज मिळे. इसेची यात्रा हे निमित्त. खाणे-पिणे हा पदरात पडलेला प्रसाद. जिप्पेन्शा इक्कूच्या १८०२पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या विनोदी प्रवासकथेतले याजी आणि किता हे दोन भटके कुवानाजवळ भाजलेले शिंपले खातात, आणि गरम शिंपल्याने होणारी फजिती हा त्या पुस्तकातला गाजलेला प्रसंग आहे. एदोहून दोन-तीन दिवसांत जाऊन येता येईल असे एनोशिमा बेट देवी बेन्झाइतेनच्या दर्शनासाठी गजबजलेले असे. तिथे चार नाणी दिली की स्थानिक पाणबुडे बुडी मारून आवाबी काढून दाखवीत. आजच्या वीकएंडचे पूर्वज शोधायचेच तर ते इथे आहेत. पण या यात्रेकरूला खाऊ घालणाऱ्याच्या घरात काय शिजत होते, हे या पुस्तकांत सापडत नाही. चांगला मासा बाजाराचा. बारीकसारीक, मोडका-तुटका, भाव न येणारा घरचा. बोसो किनाऱ्यावर लहान मासे होडीवरच मिसो घालून सुरीने बारीक कुटण्याची रीत आहे, तिला 'नामेरो' म्हणतात. बशी चाटून पुसून खावी म्हणून हे नाव, असे सांगतात. गरजेतून आलेला हा खलाशांचा खाऊ आता त्याच किनाऱ्यावरच्या मुक्कामाच्या जागी पाहुण्यांपुढे कौतुकाने येतो.

दिशा बदलण्यासाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागल्या: आठवडा, आगगाडी आणि डॉक्टर. १८७२मध्ये शिंबाशी ते योकोहामा ही पहिली रेल्वे सुरू झाली. १८७६च्या एप्रिलपासून सरकारी कचेऱ्यांना रविवारी पूर्ण आणि शनिवारी दुपारनंतर सुट्टी मिळू लागली. त्याआधी सुट्ट्या महिन्याच्या ठरावीक तारखांना असत. अर्ध्या शनिवारला 'हान्दोन' म्हणू लागले; रविवारच्या डच शब्दाचा तो तुकडा असावा असे मानतात. तिसरी गोष्ट समुद्रस्नानाची. सैन्याच्या वैद्यकीय खात्याचे प्रमुख राहिलेले मात्सुमोतो जुन यांनी खारे पाणी प्रकृतीला चांगले, असा प्रचार करून १८८५मध्ये ओइसो येथे स्नानाची जागा सुरू केली. १८८७मध्ये तिथे रेल्वे स्थानक झाले. जर्मन डॉक्टर एर्विन बेल्त्स यांनी हायामाची हवा वाखाणली, आणि १८९४मध्ये तिथे सम्राटाचा प्रासाद उभा राहिला. मोठी माणसे गेली, त्यांच्यामागून मध्यमवर्ग गेला. ते पाण्यासाठी आणि हवेसाठी गेले होते, मासळीसाठी नव्हे. त्याच सुमारास, १८७२च्या जानेवारीत, सम्राट मेइजीने गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले होते आणि नव्या सुशिक्षितांची जीभ बीफच्या कढईकडे वळली होती. मासळी ही मागासलेली ठरण्याच्या बेतात होती.

१ सप्टेंबर १९२३च्या भूकंपात आणि आगीत निहोनबाशीचा बाजार भस्मसात झाला. तो त्सुकिजीला हलला (तिथली कायमची इमारत १९३५ची) आणि ११ ऑक्टोबर २०१८ रोजी तोयोसूला गेला. १९२५मध्ये आतामीपर्यंत रेल्वे पोहोचली. मधला युद्धाचा आणि उपासमारीचा काळ या निबंधाच्या कक्षेत येत नाही.

आपण जिला ओळखतो ती किनाऱ्याची सहल १९६०च्या दशकाची. १ ऑक्टोबर १९६४ रोजी शिनकानसेन धावली आणि आतामी तोक्योच्या अंगणात आले. १९६५मध्ये मात्सुशिता या विजेची उपकरणे बनवणाऱ्या कंपनीने आठवड्यातून दोन दिवस सुट्टी देण्यास सुरुवात केली. सरकारी नोकरांना ती पूर्णपणे मिळायला १९९२ उजाडले. त्याच १९६५च्या जानेवारीत सरकारी तज्ज्ञांनी पकडण्यापासून ताटापर्यंत अन्न अखंड थंड राखण्याची व्यवस्था उभारावी अशी शिफारस केली. आता ताजी मासळी शहरातल्या कुठल्याही दुकानात मिळू शकत होती. मग किनाऱ्यावर जायचे कशाला? उत्तर असे की ताजेपणा सर्वत्र मिळू लागला तेव्हाच 'इथला' हा शब्द मौल्यवान झाला. मच्छीमारांच्या घरांतून मिनशुकु निघाली ती याच दशकात. उत्पन्नाची जोड त्यांना हवी होती आणि शहरवासीयाला 'इथले' हवे होते.

पण आकडे वेगळेच काही सांगतात. खाण्याच्या मासळीबाबत जपानची स्वयंपूर्णता १९६४मध्ये ११३ टक्के होती, ते शिखर. अलीकडच्या वर्षांत ती पन्नास-साठ टक्क्यांच्या दरम्यान आहे. १९८४मध्ये एकूण उत्पादन सुमारे १ कोटी २८ लाख टन होते, आता ते ४० लाख टनांच्या खाली गेले आहे. १९६१मध्ये कोळंबीची आयात खुली झाली, आणि पुढची कित्येक वर्षे गोठवलेल्या भारतीय कोळंबीचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक जपान हेच होते. मुराई योशिनोरी यांचे 'एबि तो निहोनजिन' (कोळंबी आणि जपानी माणसे) हे १९८८चे पुस्तक या आयातीचा माग आशियाच्या किनाऱ्यांपर्यंत काढते. इझूच्या एखाद्या मुक्कामी तबकात विराजलेली कोळंबी आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ट्रॉलरमधून निघालेली असण्याचा काळ होऊन गेला आहे. आणि स्थानिक मासा? चांगला भाव येणारा मासा पहाटेच तोक्योच्या बाजाराकडे रवाना होतो, क्वचित तिथूनच पुन्हा किनाऱ्यावरच्या हॉटेलात परततो.

'इथला' या शब्दाला पुरावा लागू लागला तो याच ओघात. जपान समुद्राच्या किनाऱ्यावर हिवाळी खेकड्याचा नराचा मोसम ६ नोव्हेंबरला उघडतो. तो पकडला की त्याच्या पायाला रंगीत प्लॅस्टिकची चकती बांधतात. एचिझेन किनाऱ्याने पिवळी चकती १९९७मध्ये सुरू केली. कुठल्या बंदराचा ते तिच्यावरून कळते. नारा काळातल्या लाकडी चिठ्ठीचीच ही नवी आवृत्ती. फरक इतकाच की आता ती सम्राटासाठी नसून पैसे मोजणाऱ्यासाठी आहे.

इथे 'ताजे' म्हणजे काय, याबद्दलही दोन शब्द. आपला 'ताजा' फारसीतून आला. जपानी लिपीतले 'ताजे' याचे चिन्ह मासा आणि मेंढी यांच्या चित्राक्षरांचा जोड आहे. पण स्वादाचे गणित निराळे आहे. १९१३मध्ये कोदामा शिन्तारो यांनी सुकवलेल्या कात्सुओच्या रुचीमागे इनोसिनिक आम्ल असल्याचे दाखवले. हे द्रव्य मासा मेल्यानंतर काही तासांनी स्नायूत वाढत जाते. नुकत्याच मारलेल्या माशाचा काप करकरीत लागतो, पण रुचीत थोडा मुका. अनुभवी सुशीकार मासा मुद्दाम एक-दोन दिवस मुरवतात. तेव्हा किनाऱ्यावर 'आत्ताच पकडलेला' म्हणून जे खाल्ले जाते, त्यात जिभेपेक्षा डोळ्यांचा आणि मनाचा वाटा अधिक आहे. त्यात वाईट काही नाही. खाणाऱ्याला समुद्र, होडी आणि मासा एका नजरेत हवे असतात. त्याला विश्वास हवा असतो.

हा विश्वास कुठवर नेऊ शकतो ते मिनामाताने दाखवले. क्यूशू बेटावरच्या या गावात चिस्सो कंपनीचा कारखाना १९३२पासून पारा वापरून ॲसिटाल्डिहाइड बनवीत होता आणि सांडपाणी समुद्रात सोडीत होता. मासे मरून तरंगू लागले, मांजरे पिसाटल्यासारखी नाचून मेली, आणि १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख होसोकावा हाजिमे यांनी अज्ञात मेंदूविकाराचे रुग्ण आढळल्याचे आरोग्य कार्यालयाला कळवले. रुग्ण बहुतेक मच्छीमारांच्या वस्तीतले. त्यांच्या ताटात भाताइतकीच, कधी भातापेक्षा जास्त, मासळी असे. त्या वर्षअखेरीपर्यंत संशय मासळीवर येऊन ठेपला होता. १९५७मध्ये प्रांताच्या प्रशासनाला अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली उपसागरातली मासळी विकण्यावर बंदी घालायची होती. केंद्रीय मंत्रालयाचे उत्तर आले: उपसागरातला प्रत्येक मासा विषारी असल्याचा स्पष्ट पुरावा नाही, म्हणून कायदा लावता येणार नाही. या वाक्यातला तर्क शुद्ध आहे आणि म्हणूनच तो भयंकर आहे. गिऱ्हाइकांनी मात्र पुराव्याची वाट पाहिली नाही. मिनामाताची मासळी बाजारात कुणी घेईना. आणि विकली न जाणारी मासळी, पूर्वापार रिवाजाप्रमाणे, पकडणाऱ्याच्याच चुलीपर्यंत येत राहिली.

१९५८मध्ये कंपनीने सांडपाण्याचा मार्ग उपसागराऐवजी नदीच्या मुखाकडे वळवला, तेव्हा रोग शिरानुई समुद्राच्या इतर किनाऱ्यांवर पसरला. १९५९मध्ये कुमामोतो विद्यापीठाने सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवले. तरी पाऱ्याचा वापर थांबला तो १९६८च्या मे महिन्यात, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात सरकारने कारण मान्य केले. अधिकृतपणे रुग्ण ठरलेल्यांची संख्या दोन हजारांहून अधिक आहे. मान्यतेसाठी झगडणारे त्याच्या कित्येक पट. मिचिको इशिमुरे या मिनामाताच्याच लेखिकेने १९६९मध्ये 'कुगाई जोदो' लिहिले. त्यात आजार आहे, कोर्टकचेरी आहे. पण मला अस्वस्थ करतात ती त्यातली सुखाची पाने: होडीवर पकडलेला मासा तिथेच कापून खाण्याचा, समुद्राने आपल्याला फुकट दिलेल्या श्रीमंतीचा आनंद. ताज्या, स्थानिक मासळीच्या आस्वादाचे याहून उत्कट वर्णन आढळणे कठीण, आणि ते करणाऱ्यांच्या अंगात त्याच मासळीतून पारा भिनत होता. त्या उपसागराला घातलेले जाळ्याचे कुंपण १९७४पासून १९९७पर्यंत होते. मासळी सुरक्षित असल्याची घोषणा झाल्यावर ते काढले.

११ मार्च २०११नंतर फुकुशिमाच्या किनाऱ्याने हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोसला. तिथल्या मासळीला 'जोबानमोनो' म्हणत आणि त्सुकिजीला तिला मान होता. अणुभट्टीच्या अपघातानंतर मच्छीमारांनी किनारी मासेमारी स्वतःहून बंद केली. जून २०१२मध्ये ऑक्टोपस आणि शंखाच्या मोजक्या जातींपासून प्रायोगिक मासेमारी सुरू झाली आणि ती २०२१च्या मार्चपर्यंत 'प्रायोगिक'च राहिली. किलोमागे १०० बेकरेल ही सरकारी मर्यादा असताना मच्छीमार संघांनी आपल्यासाठी ५०ची मर्यादा घालून घेतली. मिनामातात सरकारने मोजले नाही आणि लोक खात राहिले; इथे मच्छीमारांनी मोजले आणि लोक खाईनात. २४ ऑगस्ट २०२३ रोजी प्रक्रिया केलेले पाणी समुद्रात सोडण्यास सुरुवात झाली त्याच दिवशी चीनने संपूर्ण जपानमधल्या समुद्री अन्नाची आयात थांबवली. खेकड्याच्या पायाला मोल देणारे गावाचे नाव इथे ओझे झाले होते.

जपानी माणूस आता पूर्वीइतके मासे खातही नाही. २००१मध्ये दरडोई वर्षाला सुमारे ४० किलो मासळीचा पुरवठा होता, २०२२मध्ये तो २२ किलोवर आला. २०११पासून मांसाने मासळीला मागे टाकले आहे. घरात मासा कमी शिजतो, म्हणूनच किनाऱ्यावर जाऊन खाण्याचे अप्रूप वाढते, असे म्हणावेसे वाटते.

अशा अप्रूपाच्या ठिकाणांपैकी एक नोतो द्वीपकल्पावरचे वाजिमा. तिथला सकाळचा बाजार हजार वर्षांचा असल्याचे सांगतात. विकणाऱ्या बहुतेक बायका. शंभराहून अधिक आमा स्त्रिया या गावच्या समुद्रात अजून बुडी मारीत. १ जानेवारी २०२४ रोजी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. नोतोच्या उत्तर किनाऱ्यावर समुद्राचा तळ काही ठिकाणी चार मीटरपर्यंत वर उचलला गेला. आवाबीचे खडक कोरडे पडले, बंदरातल्या बोटी रुतून बसल्या, आणि बाजाराचा भाग संध्याकाळी लागलेल्या आगीत जळून गेला. पाहुण्यांनी यायला जागाच उरली नाही. २३ मार्च २०२४ रोजी वाजिमाच्या विक्रेत्या बायका शंभर किलोमीटरांहून दूर, कानाझावा शहराच्या कानाइवा बंदरावर आल्या, त्यांनी आपले नारिंगी तंबू ठोकले आणि दुकाने मांडली. त्या सकाळी शहरातले लोक रांगा लावून उभे होते.